बदली येईपर्यंत

मी एक जुनी पाठपिशवी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता फार दमले आहे. तुम्ही मला सॅक म्हणाल. मोशीच्या एका घरात दाराआडच्या खुंटीवर मी लटकते. माझा एक पट्टा तुटला आहे, आणि पोटात सध्या कांद्याचं बी आणि कुणाच्या तरी जुन्या चपला आहेत. तक्रार नाही. ओझं वाहायचा जन्म मिळाला की ओझ्याची निवड आपल्या हाती राहत नाही.

माझा जन्म दिघीचा. लष्कराच्या लिलावात एक बाद झालेला तंबू निघाला होता, त्याच्या बऱ्या राहिलेल्या कापडातून युसुफभाईंनी मला शिवलं. ते एरवी रिक्षांची छतं आणि ताडपत्र्या शिवत. मला शिवून घेणारे मारुतराव मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले. पिंपरीच्या एका कंपनीत ते लेथ मशिनवर काम करत आणि सायकलने जात-येत. डबा आणि मळ्यातली मेथी नेण्यापुरती पिशवी त्यांना हवी होती. युसुफभाईंनी मात्र माझ्या तोंडाला हातभर जास्तीचं कापड ठेवलं आणि त्यात नाडी ओवली. एवढं कशाला, असं मारुतरावांनी विचारलं.

"राहू द्या मारुतभाऊ," युसुफभाई म्हणाले. "जादा कापड कधी वाया जात नाही."

पाच वर्षं मी मोशी ते पिंपरी अशी धूळ खाल्ली. कंपनीत मशिनजवळच्या खिळ्यावर टांगलेली असे, त्यामुळे तिथली रीत मला तोंडपाठ झाली. मशिन बंद ठेवायचं नसे. एका शिफ्टचा माणूस सुटताना पुढच्या शिफ्टचा येई, त्याला सगळे 'बदली' म्हणत. बदलीने येऊन मशिनच्या हँडलवर हात ठेवला की मगच आधीच्याने जागा सोडायची. बदली आली नाही तर तसंच उभं राहायचं, मग आठाचे सोळा तास का होईनात. बाकीचे पळवाटा काढत. मारुतरावांनी एकदाही जागा सोडली नाही. त्यांचे चार्जहँड, म्हणजे मुकादम, हिंदुराव चारचौघांत त्यांचं कौतुक करत, आणि मारुतराव त्या कौतुकावर आणखी चार तास उभे राहत. कौतुकाला पैसे पडत नाहीत, मित्रांनो, म्हणून ते सढळ हाताने होतं.

१९७६ च्या मे महिन्यात कंपनीतल्या वीस जणांनी हिमालयात पदभ्रमणाला जायचं ठरवलं. कुलूच्या वरच्या अंगाला दहा दिवस चालायचं, रोज नवा मुक्काम, आणि वाट दाखवायला जिंदू नावाचा तिथलाच माणूस. हिंदुराव आपोआप म्होरके झाले. शालनबाईंनी, म्हणजे मारुतरावांच्या पत्नीने, माझ्यात दशम्या, तिळाची चटणी आणि लोकरीची कानटोपी भरली. आयुष्यात पहिल्यांदाच मी सहलीला निघाले होते. वाटलं होतं, थोडी हवा खाईन. पण चढावर सहल आणि हमाली यांत फरक उरत नाही. पाचव्या दिवसापर्यंत सगळ्यांची डोकी ठणकत होती, पोटऱ्या दगड झाल्या होत्या, आणि हिंदुराव मात्र घड्याळ बघून 'चला, उशीर होतोय' म्हणत होते.

सहाव्या दिवशी आम्ही बर्फाच्या खिंडीत पोहोचलो. एका काळ्या खडकापाशी वाट दुभंगत होती. चार जण दमून बरेच मागे राहिले होते आणि जिंदू त्यांच्यासोबत होता. हिंदुरावांनी मारुतरावांना खडकापाशी उभं केलं. "मागच्यांना उजवीकडची वाट दाखव," ते म्हणाले. "अर्ध्या तासात बदली पाठवतो."

सवयीने बोलले ते. आणि इथे, मित्रांनो, सवयीनेच ऐकलं गेलं.

तेव्हा अकरा वाजले होते. दुपारी आभाळ भरून आलं आणि बर्फ पडू लागलं. खाली मुक्कामावर तंबू ठोकण्याच्या धांदलीत हिंदुराव बदली पाठवायची विसरले. मागे जिंदूने आभाळाचा रंग ओळखून त्या चौघांना खालच्या वाटेने वळवलं. पुढच्यांना वाटलं मारुतराव मागे आहेत, आणि मागच्यांना वाटलं ते पुढे गेले. हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की कॅनव्हासच्या बुटांतून पाणी आत जातंय आणि माझा माणूस जागचा हलत नाही.

उतार समोर होता. मारुतराव दोनदा वीसेक पावलं उतरले आणि दोन्ही वेळा परत आले. "मागची मानसं आली अन् मी न्हाई दिसलो तर?" ते स्वतःशीच म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं, अहो, चला, कुणी येत नाही. पण पिशवीला तोंड असतं ते फक्त भरण्यासाठी. पुढे त्यांनी पाय आपटणंही सोडलं. ते माझ्यावर बसले. त्यांचं वजन मला कधी जाणवलं नव्हतं, ते त्या दिवशी जाणवलं.

साडेपाचच्या सुमाराला जिंदू एकटाच वर आला. मुक्कामावर पोहोचल्यावर त्यानेच विचारलं होतं की एक माणूस कुठे आहे. त्याने मारुतरावांना उठवायला हात धरला. मारुतरावांनी हात सोडवून घेतला.

"बदली आली न्हाई अजून," ते म्हणाले.

जिंदूला मराठी येत नव्हतं. पण कंपनीच्या लोकांच्या तोंडून हा शब्द त्याने सहा दिवस ऐकला होता, आणि हँडलवर हात ठेवायची त्यांची नक्कलही पाहिली होती. तो मारुतरावांच्या शेजारी नीट उभा राहिला आणि खडकावर हात ठेवला, मशिनच्या हँडलवर ठेवावा तसा.

"बदली मैं हूँ, साब. आप जाओ."

तेव्हा कुठे मारुतराव उठले, आणि लगेच कोसळले. जिंदूने मला रिकामं केलं. ओले बूट काढले, कानटोपीत पावलं गुंडाळली, दोन्ही पाय माझ्यात घातले आणि नाडी गुडघ्याखाली आवळली. युसुफभाईंचं हातभर कापड तेव्हा पुरलं. मग मारुतरावांना पाठीवर घेऊन तो खाली उतरला. डाव्या पायाची दोन बोटं गेली. पाय वाचला.

कंपनीत मारुतरावांना हार घातला. हिंदुरावांनी भाषणात कामावरच्या निष्ठेचं उदाहरण दिलं, फक्त बदली पाठवायची कोण विसरलं ते सांगायचं राहिलं. मारुतरावांनी हार काढून मशिनजवळच्या खिळ्याला अडकवला. घरी येऊन त्यांनी शालनबाईंना मात्र सगळं सांगितलं, जिंदूने खडकावर हात कसा ठेवला तेही. मग मी खुंटीवर गेले. चार-सहा महिने येणारेजाणारे मला हात लावून बघत, पुढे माझ्यात कांद्याचं बी आलं.

१९८१ साल. मारुतराव लंगडत कामावर जात होते. त्या आठवड्यात बदली दोनदा आली नव्हती आणि ते दोन्ही वेळा सोळा तास उभे राहिले होते. रात्री त्यांना पाय खाली टेकवत नसे. तिसऱ्या दिवशी साडेतीनची शिफ्ट सुटली आणि गावातला किसन एकटाच परतला. आजही बदली नाही, असं त्याने सांगितलं. शालनबाईंनी मला खुंटीवरून काढलं, बी सुपात ओतलं, खांद्याला अडकवलं आणि बस धरली.

कंपनीच्या फाटकावर रहिमान नावाचे पहारेकरी होते. आत जायला मनाई आहे, ते म्हणाले.

"मला आत न्हाई यायचं," शालनबाई म्हणाल्या. "त्यास्नी एवढं सांगा, बदली आली."

निरोप हिंदुरावांच्या हाती पडला. ते आता सुपरवायझर झाले होते. पुढचं मारुतरावांनी बसमध्ये सांगितलं. हिंदुराव खिडकीपाशी गेले आणि फाटकावर शालनबाईंच्या खांद्याला मला पाहिलं. मग लेथपाशी आले, बाह्या सरसावल्या आणि हँडलवर हात ठेवला. "पाच वर्षं उशीर झाला, मारुतराव," ते म्हणाले. "जा आता."

त्या संध्याकाळी मी रिकामीच घरी आले, तरी पट्टा तुटला. कापडही दमतं.

मित्रांनो, मला धुवा, शिवा, उन्हात घाला, असं मी सांगणार नाही. माझं जे व्हायचं ते होईल. पण विश्वासाचा माणूस आपली जागा आपणहून सोडत नाही. तुम्ही कुणाला कुठे उभं करून आला असाल, तर अंधार पडायच्या आत त्याला आणायला जा.