मुरलीधरचं समुद्रफूल

व्हरांड्यात मॅडमच्या चपला वाजल्या तशी मुरलीधरने काचेची कांडी टाकीत घातली आणि समुद्रफुलाला हळूच टोचलं. सकाळपासून पसरलेले त्याचे तांबूस हात पटकन आत गेले. उरला नुसता सुपारीएवढा गोळा.

"आज पण मिटलेलंच?" प्रतिमा मॅडमनी विचारलं.

"हो ना जी. काहून रुसलं, काय माहीत."

मुरलीधर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात शिपाई होता. हे फूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव, मुंबईहून आलं तेव्हा त्याचा तळ फाटलेला होता. कुणीतरी दगडावरून ओरबाडून काढलं असणार. मुरलीधरने चिमट्याने त्याला झिंग्याचे बारीक तुकडे भरवले, सडलेला भाग काढला, वीज गेली की हाताने पाणी ढवळत बसला. गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्याच्या गल्लीतले पुरुष भोंगा वाजला की सायकली काढून फॅक्टरीत जात. पाकिस्तानशी लढाई पेटल्यापासून तर डबल पाळी होती. ते तोफगोळे बनवत आणि हा एका लिबलिबीत जिवाची सेवा करी. शेजारी चेष्टा करत, तोही हसे. दमून तोही येत होता, पण त्याचं दमणं कुणी हिशेबात धरत नसे.

जखम केव्हाच भरली होती. पण बरं झालं की फूल बरणीत जाणार होतं. पेपरमिंटच्या अर्काचे खडे टाकून त्याला गुंगी आणायची आणि हात पसरलेले असतानाच फॉर्मेलिन ओतायचं, म्हणजे परीक्षेला मुलांना नीट दिसतं. मुरलीधरची हयात या कामात गेली होती. बेडूक, साप, खेकडे, कशाचंच त्याला कधी काही वाटलं नव्हतं. याचं वाटत होतं. त्यांना त्याने कधी भरवलं नव्हतं. म्हणून ही कांडी.

मॅडम स्टुलावर टेकल्या. "मुरलीधर, ही खोली आता सिविल डिफेन्सवाले घेऊन राहिले. उद्या टाकी खाली करा."

"अन् फूल?"

"मिटलेलं बरणीत काय भरायचं? नालीत टाका. उघडलं असतं तर पोरांच्या कामी तरी आलं असतं. लढाईत मुंबईहून दुसरं कोण पाठवते?"

"घरी नेऊ का जी?"

"समुद्राचं पाणी कुठून आणाल? तडफडून मरेल बिचारं."

मुरलीधरला हे ठाऊक होतं. तरी विचारून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चपला वाजल्या तेव्हा कांडी टेबलावरच राहिली. फूल सगळे हात पसरून बसलं होतं.

"अरे वा," मॅडम वाकून बघत म्हणाल्या. "चलो, नशीब आपलं. खडे आणा."

"मीच टाकतो, मॅडम. दुसऱ्याचा हात लागला की मिटते ते."

आधी त्याने झिंग्याचा एक तुकडा भरवला. मॅडम बघत राहिल्या. मग त्याने खडे टाकले आणि गुंगी चढेपर्यंत शेजारी उभा राहिला.

संध्याकाळी घरी त्याच्या बायकोने, हेमलताने, त्याचं ताट वाढलं.

"काय म्हणते तुमचं फूल? झालं का बरं?"

"झालं. पूर्ण उघडलं आज."

"चला, सुटलात एकदाचे. आता तरी लवकर येत जा घरी."

मुरलीधरने मान हलवली. तो पुन्हा एकदा मोरीवर जाऊन हात घासून आला. तरी फॉर्मेलिनचा वास जाईना, तेव्हा ताटावर बसून त्याने बायकोकडे चमचा मागितला.