हळदीच्या पुडीतले पान

मित्रांनो, मला हळदीचा वास येतो, म्हणून मला स्वयंपाकाचे पुस्तक समजू नका. मी स्पॅनिश व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे. पुण्यात छापले गेले, बऱ्याच हातांतून फिरले आणि शेवटी रद्दीबरोबर शेलूबाजारच्या सैफुद्दीन यांच्या किराणा दुकानात आले. तिथे गिऱ्हाईक आले की माझे एक पान फाटे आणि त्याची पुडी होई. हात जवळ आला की मी धास्तावे. आता कोणता धडा जाणार?

एके दिवशी त्यांच्या मुलीने, नमराने, मला तराजूशेजारून उचलले. ती बी.एस्सी. झाली होती. स्पॅनिश येणाऱ्यांना एका कंपनीत नोकरी होती, म्हणून ती मोबाइलवर ती भाषा शिकत होती. मोबाइल नियम सांगे; तिला कारण हवे असे. 'असणे'साठी दोन क्रियापदे कशाला? 'मानो' म्हणजे हात. शेवटी पुल्लिंगी 'ओ' असून तो स्त्रीलिंगी कसा? माझे समास तिच्या प्रश्नांनी भरले. इतक्या मायेने मला कोणी छळले नव्हते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी ती मला तराजूशेजारीच विसरली. दुपारी तिने 'पोर' आणि 'पारा'चा धडा उघडला. आपल्या 'साठी'ला तिकडे हे दोन शब्द. कुठे कोणता, हेच तिचे अडले होते. धड्याची दोन पाने नव्हती.

"अब्बा, इथली पानं कुठं गेली?"

"पुड्यात गेली, बेटा. एक गोजराबाईले देल्ली सकाळी. दुसरीचं ध्यान नाही."

मला काखेत घेऊन नमरा धावतच शेजारच्या गोजराबाईंकडे गेली. हळद डब्यात ओतून त्या कागद चुलीत घालणारच होत्या.

"एवढ्याशा कागदासाठी कायले धावून राह्यली वं?"

"उद्या मुलाखत हाय, मावशी."

"घे मंग. कागदाले हळद लागली, आता तुयंही लगन जमते पाह्य."

एक पान परत आले. दुसऱ्यावरचा नियम तिने हाती असलेल्या उदाहरणांवरून स्वतःच बांधला. तो चुकला तर, या विचाराने मी बेचैन होते.

मुलाखत मोबाइलवर झाली. मी तिच्या मांडीवर होते. तिने एका वाक्यात 'पारा' म्हटले. ते माझ्या पानावर होते. पुढच्या वाक्यात 'पोर' म्हटले. ते बरोबर की चूक, हे मलाच सांगता येईना. ते पान माझ्यात उरलेच नव्हते. पलीकडच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतले, मग मान डोलावली.

नमराला नोकरी लागली. माझी पाने आता कोणी फाडत नाही. तरी त्या दुसऱ्या पानावर नेमके काय होते, हे मी अजून आठवत असते.

मित्रांनो, पुडी सोडली की कागद चुलीत घालण्याआधी एकदा उलगडून बघा. कोणीतरी तो शोधत निघाले असेल.