चिल्ल्याची खोली

"क्यों रुलाती है बच्ची को?" कपाटावरचा कॅमेरा बोलला.

रडं थांबवायला यशरा तान्ह्या अनमला पाजत होती. नवरा, हारिस असेल, असं क्षणभर वाटलं. पण हारिस कुवेतला कामावर, फोन लॉकरमध्ये. आणि हा आवाज हसत होता. तिनं ओढणी ओढली आणि कॅमेऱ्याची वायर उपटली.

"लाव परत," सासू शहरबानू दारातून म्हणाली. "दुपारी पोरीचं तोंड बघितल्याबिगर जेवत न्हाय माझा लेक."

"अम्मी, परका माणूस बोलला आतून!"

"परका कुठला? फुफीचा पोरगा असंल. मस्करी केली."

चाळीस दिवसांचा चिल्ला पुरा होईपर्यंत बाळंतिणीनं बाहेर जायचं नाही, पाहुण्यांनी आत यायचं नाही. म्हणून सगळ्यांना फोनवर पोर बघता यावी, अशी ही सोय हारिसनं केली होती. केबलवाल्या दीपेशला सांगून राउटरमध्ये बाहेरून यायची वाट उघडून घेतली आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड काढून टाकला. खाला-फुफ्यांना, मावश्या-आत्यांना टाइप कुठे करता येतं! लिंक खानदानाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती कुठे कुठे गेली, कोणाला माहीत?

यशरानं फोनवर राउटरचं पान उघडलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा चुकीचा. तिनं दीपेशला फोन लावला.

"भाभी, तो माझ्याकडेच असतो. कस्टमरनं बोटं घातली की नेट जातं, मग रेवदंड्याला खेप मलाच."

"दीपेश, मी पोरीला पाजत होते. कॅमेऱ्यातून माणूस बोलला."

तिकडे रिक्षाचा हॉर्न वाजला. मग दीपेशनं पासवर्ड सांगितला, हळू आवाजात. "पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये जा. तिथली बाहेरच्या वाटेची नोंद उडवा. रिमोट अ‍ॅक्सेस बंद करा. वायफायचा पासवर्ड बदला. इंटरनेटच्या सेटिंगला तेवढा हात नको."

नोंद उडाली. सेव्ह. राउटर आपोआप बंद होऊन चालू झाला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला.

"घातलास घोळ!" शहरबानू कपाळाला हात लावून बसली. "त्याची जेवणाची सुट्टी झाली असंल. बापानं लेकीला अजून हातात घेतली न्हाय, आणि तू बघायचंपण तोडलंस!"

दिवा हिरवा झाला. तिनं नवा पासवर्ड टाकला, तोच फोन वाजला.

"कॅमेरा का बंद? ग्रुपवर सगळे विचारतायत," हारिस चिडलेला.

तिनं सांगितलं. एका दमात, सासूदेखत, काही न गाळता. शहरबानूचा हात कपाळावरून खाली आला.

"बंद केलंस ना आता?" हारिस म्हणाला.

"केलं."

"मग झालं. घाबरू नको."

"आणि आत्तापर्यंतचं? रोज याच पलंगावर पाजलं मी तिला. कोणी बघितलं? कोणी साठवून ठेवलंय?"

तिकडे मशीन सुरू झाली आणि हारिसनं फोन ठेवला.

अनम रडायला लागली. यशरानं तिला उचललं आणि चिल्ला मोडून उंबरा ओलांडला. शहरबानूनं अडवलं नाही. स्वयंपाकघरात कॅमेरा कधीच नव्हता. तिथे जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून ती बसली, आणि तरीही आधी वर बघितलं.