गुलाबी पाकीट, निळं पाकीट

घड्याळाच्या टेबलावर शिंक म्हणजे भूकंप. केसाएवढी स्प्रिंग, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू, सगळं एका फटक्यात परागंदा. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात लागल्यापासून धाकटीचा निम्मा वेळ फरशीवर रांगण्यात जात होता.

"तुला दुरुस्तीला ठेवलंय की फरशी पुसायला?" मास्तर आधी हसत विचारायचे. मग त्यांचं हसणं थांबलं. "नाकाचा बंदोबस्त कर, नाहीतर टेबल रिकामं कर."

हे काम तिला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तिची थोरली बहीणच काउंटरला होती, पण नेमकी त्या दिवशी तिची सुट्टी. खुद्द मालक पुढे आले.

"शिंकांना हे निळं, वाहत्या नाकाला हे गुलाबी. दोन्ही घ्या, निश्चिंत व्हा."

किंमत ऐकून धाकटीची आलेली शिंक परत गेली. तरी तिने दोन्ही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीतली एकेक गोळी घेऊन ती कामाला बसली. नाक कोरडं ठणठणीत. तिला गाणं गुणगुणावंसं वाटलं. मग पापण्या जड झाल्या, समोरची चाकं धूसर झाली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर गिऱ्हाइकाच्या जुन्या घड्याळाच्या तबकडीवरून सर्रकन घसरला. बारापासून पाचपर्यंत पांढरा ओरखडा.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी तबकडी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "शिंकत होतीस तेव्हा निदान जागी तरी होतीस. जेवून वेळेत ये, मग बोलू."

डबा उघडायची वासनाच नव्हती. तिने खिशातली पाकिटं काढली आणि डोळ्याला भिंग लावलं. पाकिटाच्या मागच्या बाजूला, चिकटवलेल्या कडेपाशी, बारीक अक्षरांत औषधाचं लांबलचक नाव होतं. निळ्यावर आणि गुलाबीवर. तेच नाव, तेवढंच वजन. म्हणजे तिने एकच औषध दुप्पट गिळलं होतं, आणि पैसेही दुप्पट मोजले होते.

डोक्यात अशी तिडीक गेली की गुंगी कुठल्या कुठे पळाली.

औषधाच्या दुकानात रांग होती. भिंग कपाळावर तसंच ठेवून ती रांग ओलांडून सरळ काउंटरला गेली आणि दोन्ही पाकिटं आपटली. "ताई, यात फरक काय?"

थोरलीने पाकिटं पाहिली, मग बहिणीचे तांबारलेले डोळे. "दोन्ही घेतलीस? अगं, वेडी का खुळी तू?"

"फरक काय ते सांग."

"रंगाचा." थोरलीचा आवाज खाली गेला. तिने सगळ्यात खालचा खण ओढला आणि गोळ्यांची एक साधी, बिनपाकिटाची पट्टी काढली. "हीसुद्धा तीच. दहाव्या हिश्शात मिळते. पण औषधाच्या नावाने मागितली तरच काढायची, असं आम्हाला सांगितलंय."

"नाव वाचणार कोण? मुंग्या?"

मालक आतून आले. "काय गडबड आहे? सगळं पाकिटावर छापलेलं असतं, बाई. आम्ही काही लपवत नाही."

"माझं काम सुटायची वेळ आलीय! तुम्ही स्वतः सांगितलंत दोन्ही घ्या म्हणून!"

"घ्या म्हटलं. एकदम गिळा म्हटलं नव्हतं."

तेवढ्यात मागून कोणी धाकटीच्या कोपराला स्पर्श केला. कडेवर शेंबडं पोर घेतलेली एक बाई उभी होती, हातात हिरवं पाकीट आणि पिवळं पाकीट.

"अहो, ते भिंग आहे ना तुमच्याकडे? हे जरा बघता?"

धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात सुट्टीची पाच मिनिटं उरली होती, पण ते मागे पडलं होतं, हे तिला आल्याआल्याच दिसलं होतं. म्हणजे जेवणाची सुट्टी संपलीच. मास्तर दाराकडे बघत बसले असतील. आता धावत सुटली तरच काही आशा होती.

तिने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. "द्या इकडे."

"हिला बाहेर काढ!" मालक थोरलीवर खेकसले.

थोरलीने तो खालचा खण अख्खाच्या अख्खा उपसून काउंटरवर ठेवला होता आणि त्यातल्या पट्ट्या मांडायला घेतल्या होत्या.

"हात मोकळे नाहीत, मालक," ती म्हणाली.

"हिरवं आणि पिवळं," धाकटी दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकच!"

रांग पुढे सरकली.