नाल्याकडची पाथरी

"फवारलेल्या जागेतली भाजी आठ दिवस कुणी खायची न्हाई. घरात सगळ्यांना सांगा," औषधाची बाटली देताना दुकानदार ग्यानबांनी बजावलं होतं. मी हसले. "टारफुल्याची भाजी कोण खातंय, दादा?"

टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस पिणारं तण. शिरड शहापूरच्या आमच्या रानात बुडाशी ओल असून ज्वारी सुकल्यासारखी दिसायची, आणि खाली ही बारकी पांढरी फुलं. रविवारी भीमराजनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नाल्याकडचं अर्धं रान पाठीवरच्या पंपानं फवारलं. दुसऱ्या अर्ध्याला शेजाऱ्याचा कापूस लागून; त्यावर औषध उडालं तर पानं आकसतात. म्हणून तिथला टारफुला बी धरायच्या आत हातानं उपटायचा, आणि पुढच्या साली तिथं ज्वारी न घेता भुईमूग.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्या दिवशी लेकीकडं होत्या. उपटायचा निरोप त्यांच्यासाठी ठेवून आम्ही औंढ्याला परतलो. फवारल्याचं कुणी सांगितलं? मला वाटलं, हे सांगतील. यांना काय वाटलं, कोण जाणे.

आठ दिवस सरायच्या आतच, आज जनकाबाई बाजाराला आल्या. आत्याबाईंच्या शेजारच्या. हातात ओल्या फडक्यात बांधलेली पाथरी, रानात आपोआप उगवणारी पालेभाजी.

"घे गं ज्योती. सासूनं धाडली. म्हणली, अंगावर पिणारं लेकरू हाय, दूध उतरल."

"मावशी, कुठल्या अंगाची खुडली?"

"रानातली हाय की. काय माझ्या न्हाणीतली हाय?"

"नाल्याकडची का कापसाकडची?"

"आता पाथरीला काय गाव विचारून राहिली तू? शिकल्याली पोरगी!"

मी जुडी सोडली. आत टारफुल्याचं एक रोप आलेलं, टवटवीत. म्हणजे न फवारलेल्या अंगाची असेल. पण पाथरीची पानं मुडपलेली होती. उन्हानं की औषधानं? की दोन्हीकडची एकत्र बांधली? नाकाशी धरली तर फडक्याचाच वास येत होता.

"आत्याबाईंनी खाल्ली का हो?"

"खाल्ली तर! काल रातच्याला बी, आन् सकाळी उरल्याली भाकरीसंगं. मला म्हणल्या, डोकं जड झालंय, पडते जराशी."

"मग उठल्या का?"

"मी निघाले तवा दार पुढं केल्यालं व्हतं. काहून गं? त्यांना उन्हाचं होतंच की तसं."

होतं खरं. उन्हात वाकून उपटलं की त्यांचं डोकं जड होतंच. ग्यानबांना विचारावं तर दुकान बंद. इथल्या दवाखान्यात विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, थोड्यानं बहुतेक काही होत नाही, पण वय आहे, आणून दाखवा. बहुतेक म्हणजे किती? हे प्रशिक्षणाला कळमनुरीला, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. गावातल्या किराणा दुकानाचा फोन नुसता वाजतो. अंगावर पिणाऱ्या साक्षीला ताप, तिला घेऊन एसटीत बसावं की शेजारी ठेवून जावं, तेही ठरत नाही. जनकाबाई तर बाजार उरकून दिवेलागणीलाच परतणार.

तुम्ही शिरड शहापूरच्या वाटेनं जात असाल तर एवढं करा. विहाराच्या मागं, दारात शेवग्याचं झाड असलेलं घर. आत्याबाईंचं नाव पंचफुलाबाई, तशी हाक मारा. ओ दिली तरी परतू नका. आत जा, त्यांना उठवून बसवा, आणि गाडी करून औंढ्याच्या दवाखान्यात आणा.