नवं रबर

ताईनं व्हॅन गॅरेजच्या दारात आडवी लावली आणि हॉर्न दाबून धरला. आत भाऊ फोनवर बोलत होता. त्यानं फोन ठेवेपर्यंत तिनं हात काढला नाही.

"अगं, कान फुटतील लोकांचे!" भाऊ हात पुसत बाहेर आला. "परत आलीस?"

"आवाज परत आला. मग मी काय करू, घरी बसून ऐकू?"

या भावाला हल्ली सगळे 'शेठ' म्हणत. दोन खांबांची लिफ्ट आणल्यापासून. बटण दाबलं की गाडी डोक्यावर. वडील जन्मभर पाठीखाली गोणपाट घालून गाडीखाली शिरले, आणि बॅटरीचा उजेड धरायला ताई. धाकट्याला तेव्हा तेलाचा वास सहन होत नसे, तो अंगणात खेळायचा. वडील गेले आणि गॅरेज त्याच्याकडे आलं. कुणी ठरवलं नाही, विचारलंही नाही. ताईच्या वाट्याला वडिलांची जुनी व्हॅन आली. तिच्यातून ती कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांना घरून उचलते आणि शिफ्ट सुटली की परत पोचवते. वाटेत पूल आहे, पुलाला उतार आहे, आणि उतारावर ताईच्या मागे गप्पा मारणाऱ्या बायका असतात.

आवाज पुढच्या डाव्या चाकातून यायचा. गतिरोधकावरून उतरलं की टक्क. पहिल्यांदा आली तेव्हा शेठनं ग्रीस भरून दिलं. आठवडाभर शांत, मग परत टक्क. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाला, बॉल जॉइंट गेलाय, बदलतो. चाक ज्याच्यावर वळतं आणि वरखाली होतं तो लोखंडी गोळा आणि त्याची वाटी, तो हा जॉइंट. संध्याकाळी चावी हातात ठेवून म्हणाला, "घातला नवा. आता झोप निवांत." आणि आज परत टक्क.

"ताई, नवा जॉइंट आहे तो," शेठ एकेक शब्द दाबून म्हणाला. "आता जो आवाज येतोय ना, तो तुझ्या कानात आहे."

पंख्यासमोर खुर्ची टाकून आई मटार सोलत बसली होती. घरी करमत नाही म्हणून ती रोज लेकाच्या गॅरेजात येऊन बसे. "दमते रे ती," आई म्हणाली. "दमलं की मलाही काय काय ऐकू येतं."

"आई, तू मटार सोल."

"बघ, कशी बोलते! शेठ, तूच सांभाळून घे बाबा हिला."

आईसुद्धा शेठ म्हणायला लागली होती. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दाखव मला," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

"दाखवतो की!" शेठनं व्हॅन लिफ्टवर घेतली आणि बटण दाबलं. व्हॅन वर गेली, चाकं लोंबायला लागली. त्यानं डावं चाक वरून आणि खालून धरून गदागदा हलवलं. "हलतंय? सांग, हलतंय? तूच धरून बघ."

ताईनं धरलं. सगळा जोर लावला. चाक हललं नाही. आत जॉइंटवर नवं काळं रबर चकाकत होतं. क्षणभर तिलाच वाटलं, आपलंच डोकं फिरलंय की काय. शेठ हसला. ते हसू पाहून तिनं पुन्हा वर पाहिलं. या वेळी रबराकडे नाही, स्प्रिंगकडे.

जाडजूड स्प्रिंग खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी हातावर, बसली होती आणि चाक लोंबत असल्यामुळे आर्मला सगळ्या ताकदीनं खाली रेटत होती. त्या रेट्यात जॉइंट कितीही झिजलेला असो, तो घट्टच बसणार. वडील या व्हॅनला कधी असं तपासत नव्हते. ते जॅक लावायचे तो खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या अगदी जवळ, म्हणजे स्प्रिंगचा भार जॅक घेईल आणि जॉइंट मोकळा होईल. ताईनं शंभरदा त्यावर बॅटरी धरली होती.

"खाली घे गाडी."

"आता काय?"

"जमिनीवर घे. वडिलांचा जॅक कुठाय?"

"तो? कुठेतरी असेल. आता कोण वापरतंय तो!"

तो होता पाण्याच्या पिंपाच्या तिवईच्या मोडक्या पायाखाली, टेकू म्हणून. ताईनं सरळ खेचून काढला. पिंप कलंडलं, पाणी आईच्या चपलांपर्यंत आलं.

"अगं बया! वेड लागलंय का हिला?" आई मटार सावरत उभी राहिली.

ताईनं बाकीच्या चाकांना ठोकळे लावले, जॅक आर्मखाली सरकवला आणि चाक जमिनीपासून बोटभर सुटेल एवढंच उचललं. मग पहार टायरखाली घातली आणि दांडा वर उचलला.

टक्क.

चाक उडालं आणि पडलं. पुन्हा उचलला. टक्क. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"हा पण माझ्या कानात आहे का रे?"

शेठनं ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणजे... नवा जॉइंटच खराब निघाला असेल. हल्ली माल कसा येतो तुला माहितीय..."

ताईनं बॅटरी लावली आणि ओल्या फरशीवर पालथी पडून आत पाहिलं. रबर नवंकोरं. त्याखाली जॉइंटचं अंग गंजून लाल झालेलं. त्याच्या बोल्टांवर जुना चिखल वाळून दगड झाला होता. त्या बोल्टांना कुणी पाना लावलेला नव्हता.

ती उठली. साडीवरून पाणी निथळत होतं.

"तू फक्त रबर बदललंस."

"ताई, ऐक तर..."

"जॉइंट बदलला म्हणून सांगितलंस आणि टोपी बदललीस!"

"लिफ्टवर घट्ट होता गं तो! चांगला जॉइंट कशाला उपटून काढायचा? पण तू ऐकेनास. म्हटलं, रबर घालतो, ग्रीस भरतो, म्हणजे तुझं समाधान होईल."

"माझं समाधान!" ताई ओरडली, तशी समोरच्या दुकानातली माणसं दारात आली. "उतारावर हा गोळा वाटीतून निसटला असता तर चाक आडवं होऊन गाडीखाली गेलं असतं. मागे बायका आहेत माझ्या. एकीला सातवा लागलाय. तिचं समाधान कोण करणार होतं, तू?"

"हळू बोल गं," आई म्हणाली. "लोक बघतायत. चूक झाली पोराची."

"चूक? लिफ्टवर तपासलंस ती चूक. ती मी विसरेन उद्या. पण जो घातलाच नाहीस तो घातला म्हणालास, ती चूक नाही, आई. ती थाप आहे. आणि का मारली? तर बाई आहे, कटकट करते, हातात काहीतरी देऊन वाटेला लाव!"

शेठ वळला. आत गेला आणि फळीवरून खोका घेऊन आला. या व्हॅनचाच जॉइंट, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा शाबूत.

"आणलाही होतास," ताई म्हणाली. तिला हसूच आलं, पण ते हसू बघून शेठ दोन पावलं मागे सरला.

मग काम सुरू झालं. चाक काढून झाल्यावर सवयीनं शेठ जॅक बाजूला घ्यायला गेला. "हात लावू नकोस!" ताई कडाडली. "स्प्रिंग सुटली तर तुझी बत्तिशी छपराला चिकटेल." त्यानं नट सैल केला, दोन्ही बाजूंनी हातोडे घातले, तेव्हा कुठे जॉइंटचा दांडा सुटला. गंजलेले बोल्ट काढताना त्याची बोटं सोलली. ताईनं पाहिलं, पण 'दे, मी करते' म्हणाली नाही. ती बॅटरी धरून बसली होती, अगदी लहानपणासारखी, फक्त आता उजेड कुठे पाडायचा ते तीच ठरवत होती.

जुना जॉइंट बाहेर आला. पडायला आलेल्या दातासारखा त्याचा दांडा डुगडुग हलत होता. ताईनं पातं घालून नवं रबर फाडलं. आत गंजाचा चिखल. तिनं तो जुना जॉइंट शेठच्या तळहातावर ठेवला.

नवा बसला. नट आवळल्यावर तिनं विचारलं, "पिन?" नट सुटू नये म्हणून त्यानं त्यातून पिन घालून तिची टोकं दुमडली. मग तिनं स्वतः पहार घातली. काही वाजलं नाही.

"झालं ना आता?" आई म्हणाली. "मिटलं ना?"

"नाही." ताईनं शेजारचं दार उघडलं. "बस रे गाडीत. शिफ्ट सुटायची वेळ झालीय."

"मी? मी कशाला?"

"तो जॉइंट घेऊन बस. बायकांना सांगायचं, इतके दिवस त्या कशावर बसून गेल्या ते."

"ताई, लोकांसमोर..."

"त्याची लाज नको गं काढू," आई पुढे झाली. "धाकटा आहे."

"धाकटा आहे म्हणूनच नेतेय. थोरला असता तर इथेच पहार घातली असती."

शेठ बसला. पहिल्या गतिरोधकावर दोघांनीही कान टवकारले. काही वाजलं नाही.

कारखान्याच्या फाटकाशी बायका चढल्या. पोटुशी बाई शेवटी, दांडा धरून, हळूहळू. "ड्रायव्हरबाई, आज हा कोण?"

"माझा भाऊ. गॅरेजवाला. त्याला तुम्हाला काही सांगायचंय."

शेठ मागे वळला. काळा हात वर केला, त्यात जॉइंट. "ते काय झालं... थोडासा ढिलेपणा आला होता चाकात, तर मी..."

ताईनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "रबरापासून. त्याशिवाय गाडी हलणार नाही."