दोन अक्षरांवर अडलो तेव्हा

मित्रांनो, मांडीवर मावतो म्हणून मला लॅपटॉप म्हणतात; पण माझं बहुतेक आयुष्य टेबलावर, जीपच्या सीटवर आणि एका शिलाईच्या पेटीवर गेलं. माझा रंग राखाडी, झाकणाचा डावा कोपरा उडालेला. जन्म १९९४ सालचा, परदेशातल्या कारखान्यातला. तिथं मला कुणी घडवलं ते मला सांगता येणार नाही, कारण तिथं प्रत्येकाने माझा एकेकच स्क्रू पिळला होता.

माझे पहिले मालक पुण्याच्या एका पंप कंपनीचे विक्री अधिकारी होते. ते मला घेऊन गावोगाव फिरत. पाथर्डीकडच्या गावांत त्यांनी मला उघडलं की माणसं काम सोडून भोवती जमत. "ह्याला वायर न्हाई तरी चालतंय," असं कौतुकाने म्हणत. मला ते आवडायचं. पण तिसगावच्या रस्त्यावर जीपच्या धक्क्यांनी माझी हार्ड डिस्क गेली. सगळी माहिती जिथे साठते तीच गेल्यावर साहेबांनी नवा लॅपटॉप घेतला आणि मी नगरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो.

ते दुकान कल्याण नावाच्या माणसाचं. त्याने माझ्यात दुसरी डिस्क बसवली, पहिलीपेक्षा बरीच मोठी. पुढचं सगळं ज्यामुळे घडलं ती गोष्ट इथेच सांगून ठेवतो. सुरू होताना माझ्यातली एक चिप डिस्क मोजते. ती चिप जुनी, तिला पाचशे चार एमबीच्या पुढे मोजता येत नाही. नवी डिस्क होती बाराशेची. म्हणून कल्याणने डिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर एक छोटा प्रोग्राम घातला. मी सुरू झालो की तो आधी जागा व्हायचा आणि चिपला पुढची डिस्क दाखवायचा. काम चोख होतं. फक्त ते केलंय हे कल्याणने कुणाला सांगितलं नाही, आणि पुढे तोही विसरला.

१९९८ साली योगेश मला त्या दुकानातून विकत घेऊन नगरजवळच्या भिंगारला आला. तो एमआयडीसीत कामाला होता आणि त्याने मला त्याच्या बायकोसाठी, भारतीसाठी घेतलं होतं. भारतीने मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली होती आणि आता ती नगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. क्लासमध्ये एका मशीनवर चार जण बसत, म्हणून घरी मी.

घरात योगेशचे वडील होते, सोपान. भारती त्यांना मामा म्हणायची. लष्कराच्या एका कचेरीत बत्तीस वर्षं दफ्तरी म्हणून त्यांनी नोकरी केली होती. कागद लावणं, फायली शिवणं, पुस्तकं बांधणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ते वस्तीतल्या विहाराचं वाचनालय सांभाळत. तिथे सहाशे बारा पुस्तकं होती आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक वस्तीतल्या कुणी ना कुणी दिलेलं होतं. कुणी नोकरी लागली म्हणून, कुणी घरातलं माणूस गेलं म्हणून. कुणी काय दिलं ते एका रजिस्टरात लिहिलेलं असे. त्या रजिस्टराला वाळवी लागली. कपाट उघडलं तेव्हा आत पुठ्ठे आणि भुसा उरला होता.

पुस्तकं दुसऱ्या कपाटांत होती म्हणून बचावली, पण देणाऱ्यांची नावं आता फक्त सोपानमामांच्या डोक्यात होती.

म्हणून रोज चार वाजता भारती सासूबाईंच्या शिलाईच्या पेटीवर मला उघडून बसायची. मामा विहारातून तीन-चार पुस्तकं पिशवीत घालून आणायचे. भारती पुस्तकाचं नाव वाचायची, मामा देणाऱ्याचं नाव आणि साल सांगायचे आणि ते माझ्यात टाईप व्हायचं. पाच महिन्यांत चारशे बारा पुस्तकं झाली. रांगेत नवी ओळ आली की मामा वाकून पडद्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. पंप कंपनीत माझं पुष्कळ कौतुक झालं होतं, पण असं काम मला तिथे मिळालं नव्हतं.

१९९९च्या उन्हाळ्यात क्लासमध्ये युनिक्स, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणारी एक प्रणाली, शिकवायला सुरुवात झाली. भारतीला त्याचा घरी सराव हवा होता. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती. युनिक्ससारखंच, आणि वापरायला फुकट. मला सीडी लावायची सोय नाही. मग भारतीने क्लासच्या मशीनवर बसून ती सव्वीस फ्लॉप्यांवर उतरवून आणली. प्रत्येकीवर शाईने आकडा घातला.

पहिल्या दिवशी अकरावी फ्लॉपी वाचताना मी अडलो. फ्लॉपीच खराब होती. दुसऱ्या दिवशी तिने ती नवीन करून आणली आणि पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी सव्वीसच्या सव्वीस आत गेल्या. शेवटी पडद्यावर एक प्रश्न आला: मशीन सुरू करणारा प्रोग्राम कुठे ठेवायचा? तीन पर्याय होते. भारतीने पहिला निवडला, डिस्कची पहिली जागा. कुणीही तोच निवडला असता.

त्या जागेवर कल्याणचा प्रोग्राम होता. तो पुसला गेला.

मी पुन्हा सुरू झालो तेव्हा काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एल आणि आय ही दोन अक्षरं उमटली, आणि मी तिथेच थांबलो. लिनक्सही चालेना, जुनं विंडोजही चालेना. भारतीने मला बंद केलं, परत लावलं. एल, आय. पाच वेळा केलं. मग ती पेटीसमोर नुसती बसून राहिली. यादीची दुसरी प्रत तिने कुठेच काढली नव्हती.

मित्रांनो, यादी माझ्या आत होती. एक काना-मात्राही हलला नव्हता. पण ते सांगायला मला तोंड नव्हतं.

चार वाजता मामा पिशवी घेऊन आले.

"आज न्हाई मामा, क्लासची परीक्षा हाय," भारती म्हणाली.

"बरं. पडद्यावर काय आलंय हे?"

"एल आय."

"पुढं सी असतं तर विमा म्हणालो असतो," असं म्हणून मामा पिशवी घेऊन परत गेले.

पुढचे दोन दिवसही तिने तेच सांगितलं. क्लासच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, डिस्क फॉर्मॅट कर आणि सगळं नव्याने घाल. तिने ते केलं नाही. चौथ्या दिवशी मामा पिशवी खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "मामा, परीक्षा नव्हती. माझ्या हातून यादी गेली असंल. मशीन सुरूच होत न्हाई."

मामा खाली बसले. पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू मुद्दाम केलं का?"

"न्हाई."

"मग वही काढ. परत सांगतो. पहिल्या कपाटापासनं घेऊ."

त्यांनी विहारातून पहिली वीस पुस्तकं आणली. मी शेजारीच मिटून पडलो होतो, ऐकत होतो. पहिली तेरा नावं मामांनी भराभर सांगितली. चौदावं पुस्तक शिवणकामाचं होतं. भारतीने नाव वाचलं आणि पेन धरून थांबली. मामांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, पाठीवरून बोट फिरवलं.

"हे मीच बांधलंय," ते म्हणाले. "टाका माझा हाय. दिलं कुणी..."

भारतीने वहीत तेवढी जागा सोडली. "पुढचं घेऊ का मामा?"

पुढच्या सहांपैकी चार आली नाहीत. पाच महिन्यांपूर्वी हीच पुस्तकं त्यांनी न थांबता सांगितली होती. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "तोंडावर हुतं गं," एवढंच म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

भारती रडली नाही. तिने वहीचं पान उलटलं आणि वर तारीख घातली. मग मला उघडून पहिल्यापासून लिहीत गेली: काय केलं, काय दिसलं. माझा सेटिंगचा पडदा काढून बघितला. तिथे डिस्क पाचशे चार लिहिली होती. मग लिनक्सची पहिली फ्लॉपी घालून मला फ्लॉपीवरून सुरू केलं. झरझर ओळी गेल्या, त्यातल्या एका ओळीत डिस्क बाराशे होती, कारण लिनक्स चिपला न विचारता डिस्क स्वतः मोजतं. आतल्या फायली त्या काळ्या पडद्यावर कशा बघायच्या ते तिला अजून येत नव्हतं. पण दोन आकडे तिने एकाखाली एक लिहिले आणि त्यांना गोल केला.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून ती कल्याणच्या दुकानात गेली.

कल्याणने एल आय बघितलं आणि खणातून फ्लॉपी काढली. "वहिनी, कोरी करून देतो. अर्ध्या तासात चालू."

भारतीने माझ्या झाकणावर हात ठेवला. "कोरी न्हाई करायची, कल्याणभाऊ. आत यादी हाय. आधी हे सांगा, एकच डिस्क एक जण पाचशे म्हणतंय आन एक जण बाराशे, ते कसं?"

"जुन्या मशीनला मोठी डिस्क दिसत नसते, वहिनी."

"मग हे चार दिवसांपूर्वीपर्यंत कसं चालत हुतं?"

कल्याणने मला उलटं करून बघितलं. हातातली फ्लॉपी त्याने खाली ठेवली. मागच्या फळीवरचं खोकं उतरवलं, त्यातल्या फ्लॉप्या एकेक करून चाळल्या. "मीच घातला होता एक प्रोग्राम," तो म्हणाला. "पहिल्या जागेवर. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

त्याने तो प्रोग्राम परत त्याच जागेवर घातला. बाकी कशालाही हात लावला नाही. मी सुरू झालो. विंडोजचा पडदा आला, त्यावर यादीची फाईल होती तशी होती. भारतीने ती उघडली आणि खाली खाली जात शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचली. चारशे बारा. मग पहिलं काम तिने हे केलं: कल्याणकडून दोन कोऱ्या फ्लॉप्या घेतल्या आणि दोन प्रती काढल्या. एक घरी ठेवायला, एक विहारात.

संध्याकाळी तिने मामांना यादी वाचून दाखवली. चौदा नंबरला ती म्हणाली, "शिवणकामाचं. दगडाबाई साळवे, लष्करी दवाखान्यात आया. १९७१."

मामा पिशवीतली पुस्तकं लावत राहिले. तिला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तिने परत वाचलं.

"ऐकलं," मामा म्हणाले. "पोरगी वारली तिची. ती शिवण शिकत हुती. तिच्या मागं दिलं हे पुस्तक." मग विचारलं, "हे मी सांगितलं हुतं तुला?"

"व्हय मामा. तुमीच."

"बरं झालं तवा लिहिलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चारशे तेरापासून काम धरलं. मामा पूर्वीपेक्षा सावकाश सांगत. उरलेल्या दोनशेंपैकी एकशे अठ्ठावीस पुस्तकांची नावं आली. बहात्तर आली नाहीत. योगेश म्हणाला, अंदाजाने घाला, कोण बघतंय? भारतीने त्या ओळी कोऱ्या ठेवल्या.

लिनक्सही चाललं. ते सुरू करायचं असलं की भारती आधी एक फ्लॉपी घालते, त्यामुळे पहिल्या जागेला धक्का लागत नाही. त्यावर सराव करून ती परीक्षा पास झाली आणि आता त्याच क्लासमध्ये नव्या मुलींना शिकवते. पहिल्याच तासाला ती सांगते, काही नवीन घालण्याआधी जुन्याची प्रत काढा, आणि अडलं तर पुसू नका, आधी लिहून काढा.

मी आता विहाराच्या वाचनालयात असतो. माझी बॅटरी संपली आहे, वायर लावूनच चालतो. छापलेली यादी भिंतीवर आहे. परवा राहीबाई नावाच्या बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. कोऱ्या ओळी बघून म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं एक दिलं हुतं, हिरव्या पुठ्ठ्याचं. शेळ्यांच्या आजारांचं." भारतीने कपाटातून पुस्तक काढलं, मला उघडलं आणि नाव भरलं. आता एकाहत्तर कोऱ्या आहेत.

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर घाईने कोरं करू नका, ही माझी विनंती आहेच. पण त्याहून मोठी दुसरी. यंत्रात काय आहे ते कधीतरी शोधून काढता येतं. तुमच्या घरी कुणी थकलेलं माणूस असेल, तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. आजच चार वाजता बसा.